मिस्त्री सरांना परत घ्यायचं का

आमच्या भिवंडीत मुलींची बास्केटबॉलची टीम होती असं मी कुणाला सांगितलं, की लोक आधी हसतात. भिवंडी म्हणजे लूम, खड्डे आणि ट्रॅफिक, एवढंच त्यांना ठाऊक. हसा बाबांनो. ऐंशीच्या दशकाचे शेवटचे दिवस होते. धामणकर नाक्याच्या मागे एका शाळेचं सिमेंटचं मैदान होतं, दोन टोकांना दोन लोखंडी रिंगा होत्या, आणि आम्ही नऊ मुली रोज संध्याकाळी तिथे गुडघे फोडून घ्यायचो. बौद्धवाड्यातल्या आम्ही चौघी, निजामपुऱ्यातल्या तिघी आणि दोघी बहिणी गुजराती दुकानदाराच्या. हाफ पॅन्ट घालायची की सलवार, यावर टीम चालवणाऱ्या मंडळाच्या तीन मीटिंगा झाल्या होत्या. शेवटी ट्रॅक पॅन्ट ठरली. मी कॅप्टन होते. उंचीमुळे नाही, तोंडामुळे. सगळ्यांत मोठा आवाज माझा.

आमचे कोच होते मिस्त्री सर. मिस्त्री म्हणजे पॉवरलूमचा मिस्त्री, बिघडलेला लूम चालू करून देणारा माणूस. चांगला मिस्त्री नुसता शेडच्या दारात उभा राहून सांगतो, आत कुठला लूम बिघडायला लागलाय ते. पंचवीस लूमच्या खडखडाटात एकाचाच आवाज बदलतो आणि तो त्याच्या कानाला टोचतो. ज्याला हे जमतं त्याला शेठलोक हातचं सोडत नाहीत. आमचे सर तसे नावाजलेले मिस्त्री होते. मूळचे इथलेच, कोकणी मुसलमान. तरुणपणी कॉलेजात एक वर्ष बास्केटबॉल खेळले, मग वडील गेले आणि सर शेडवर आले. ज्या शेठच्या शेडवर ते होते, तेच शेठ आमच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांनीच सरांना सांगितलं होतं, मिस्त्री, संध्याकाळची ड्युटी सुटली की पोरींना जरा शिकव. सरांनी ते इतकं मनावर घेतलं की बोलायची सोय नाही.

ते कधी ओरडायचे नाहीत. शेडमध्ये ओरडून काही उपयोग नसतो, तिथे माणसं हातांनी बोलतात आणि ओठांवरून समजून घेतात. तीच सवय त्यांनी मैदानावर आणली. मूठ दाखवली की थांबायचं, पंजा उघडला की पसरायचं, दोन बोटं म्हणजे रिंगखाली पळायचं. आम्हाला वाटायचं, ही सरांची स्टाईल. दुसऱ्या टीमचे कोच घसा फोडून ओरडत असायचे आणि आम्ही गुपचूप येऊन बास्केट करून जायचो. फार मजा यायची.

तर त्या वर्षी आम्ही कल्याणला जिल्ह्याच्या फायनलला पोचलो. शेवटचं अर्धं मिनिट राहिलं होतं. फळ्यावर आमचे एक्केचाळीस, त्यांचे चाळीस, आणि बॉल आमच्या हातात. सरांनी टाइम-आउट घेतला. आम्ही घोळक्यात ग्लुकोजचं पाणी पीत होतो. तेवढ्यात गुण लिहिणारा माणूस वही घेऊन सरांच्या मागून आला, वाकून काहीतरी बोलला, सरांनी मान हलवली, तो गेला. सरांनी मूठ दाखवली. थांबा. बॉल धरून ठेवा. अर्धं मिनिट आम्ही बॉल आपापसांत फिरवत राहिलो, शिट्टी झाली आणि आम्ही नाचायला लागलो.

आम्ही हरलो होतो. त्यांचं एक बास्केट वहीत लिहायचं राहून गेलं होतं, तेच सांगायला तो माणूस आला होता. एक्केचाळीस-बेचाळीस. आणि फळ्यावरचा आकडा पुसणारे गृहस्थ नेमके चहाला गेले होते. आम्ही भर मैदानात नाचलो आणि समोरच्या मुली आमच्याकडे बघून हसत होत्या. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

परत येताना शेठच्या टेम्पोत, जिथे एरवी कापडाचे ताके असतात तिथे आम्ही बसलो होतो. वाटेत कोन गावाला टेम्पो ट्रॅफिकमध्ये अडकला. तिन्हीसांजा उलटल्या होत्या, आत एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. मी मुद्दाम सरांच्या शेजारी जाऊन बसले. डोक्यात नुसता जाळ झाला होता. मी विचारलं, "त्या माणसानं तुम्हाला सांगितलं होतं ना, आपण मागे आहोत म्हणून?" सर नुसतं म्हणाले, होय. "तरी तुम्ही आम्हाला बॉल धरून ठेवायला लावलात?" पुन्हा तेच, होय. मला वाटलं, काय निगरगट्ट माणूस आहे हा! कारण नाही, माफी नाही, नुसतं होय, होय. मग मी त्यांना काय वाट्टेल ते बोलले आणि भिवंडी येईपर्यंत रडत राहिले.

मंडळानं चौकशी केली तेव्हा मीच उभी राहून सांगितलं. सरांनी माझ्यासमोर कबूल केलंय. त्यांना माहीत होतं. एवढं पुरे होतं. मुद्दाम हरवलं, अशी कुजबुज गल्लीगल्लीत सुरू झाली. सरांना बोलावून सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ते म्हणाले, "बरं." कधी न वाजवलेली शिट्टी आणि बॉलमध्ये हवा भरायचा पंप टेबलावर ठेवून निघून गेले.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो लगेच समजल्यासारखी मान डोलावतो. भिवंडी ना, हिंदू-मुसलमान असणार. काही समजलेलं नसतं त्याला. कमिटीतले निम्मे लोक मुसलमान होते, अध्यक्ष सरांच्याच जमातीचे होते. कारण एक गुण होता, आणि माझं तोंड.

नवे कोच कल्याणचे. सर्टिफिकेटवाले, गळ्यात शिट्टी, हातात वही. ते आम्हाला "ए मुली" म्हणायचे आणि रोज उशिरा यायचे. "कोनला अडकलो" हे वाक्य त्यांनी वर्षभरात किती वेळा ऐकवलं असेल देव जाणे. त्यांच्या शिट्टीवर आम्हाला धड पळता येईना. दोन स्पर्धांत आम्ही पहिल्याच फेरीत घरी आलो. नऊच्या सहा राहिलो. आणि त्या अख्ख्या वर्षात मिस्त्री सर रोज संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर उभे असायचे. चहा संपला तरी ग्लास हातातच. कुंपणातून आमची प्रॅक्टिस बघत. मी तोंड फिरवायचे.

शेवटी मंडळातच विषय निघाला, मिस्त्रीला परत घ्यायचं का? चार जणांच्या कमिटीत दोघे हो म्हणाले, दोघे नाही. "ज्यानं स्वतः कबूल केलं त्याला परत आणून पोरींना काय शिकवणार?" हा नाहीवाल्यांचा मुद्दा, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. शेठ म्हणाले, कॅप्टनला विचारू. आणि मला म्हणाले, आधी जाऊन बघ, तो यायला तरी तयार आहे का. मी घरी येऊन आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "हाकलायला तूच पुढे होतीस ना? मग आता कुठल्या तोंडानं जातेस?" त्याच तोंडानं जाते म्हटलं, दुसरं कुठून आणू?

शेडवर पोचले तेव्हा सगळे लूम चालू होते. आत पाऊल टाकलं की छातीत धडधड व्हायची इतका आवाज. सर टोकाच्या लूमवर वाकले होते, माझ्याकडे पाठ. मी जवळ गेले, आणि तेवढ्यात लाईट गेली. भिवंडीकराला हा क्षण माहीत असतो. एकदम सगळं बंद. इतकी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू येतो. कामगार बिड्या ओढायला बाहेर गेले. मी सरांच्या मागे चार हातांवर उभी होते.

"सर," मी म्हटलं.

ते पान्यानं काहीतरी पिळत राहिले.

"मिस्त्री सर!"

काही नाही. मला वाटलं, रागावलेत, आणि रागवायला हवंच. तिसऱ्यांदा मी माझ्या मैदानावरच्या आवाजात हाक मारली. बाहेरचे दोन कामगार डोकावले. सर पान्याशीच. मग माझी सावली लूमवर पडली असेल, तेव्हा कुठे ते दचकून वळले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, दारातल्या कामगारांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला सगळं कळलं.

त्यांनी मला शेडच्या मागच्या दारी नेलं. म्हणाले, "ह्या कानात काय न्हाय. ह्यात जरासा हाय, पन लूमवरून उठलो की घटकाभर तो पन बंद. चार वर्सं झाली."

"मग लूम कसे दुरुस्त करता?"

लाईट आली. खडखडाट पुन्हा सुरू झाला. त्यांनी मला आत आणून माझा तळहात एका लूमच्या चौकटीवर ठेवला, मग दुसऱ्यावर. दुसऱ्याची थरथर वेगळी होती, मलाही कळलं. पुन्हा बाहेर आल्यावर म्हणाले, "हातानं कळतं मला. पन शेठला कानवाला मिस्त्री पायजे. बहिऱ्याला कोन ठेवील? कुनाला बोलू नको, बेटा. घर चालतंय ते ह्याच्यावर."

मी त्यांच्या अगदी समोर उभी राहून, ओठ नीट हलवून विचारलं, "टेम्पोत मी तुम्हाला काय विचारलं होतं, आठवतं?"

"काय की," ते म्हणाले. "काळोख होता. तू रडत होतीस एवढं समजलं. मी म्हटलं, होय बेटा, होय."

काय वाटलं मला ते कसं सांगू? कुणी काही बोललं आणि कळलं नाही की मान हलवायची नाहीतर होय म्हणायचं, ही त्यांची चार वर्षांची युक्ती होती. आणि आमच्या भिवंडीत ती कुणाच्या लक्षातही आली नसती, कारण इथे लूमच्या आवाजात सगळेच अर्धं ऐकतात आणि सगळेच ओरडून बोलतात. त्या गुण लिहिणाऱ्याला त्यांनी होय म्हटलं, मला होय म्हटलं, आणि मी ते गावभर केलं.

"परत याल का?" मी विचारलं.

"न्हाय. ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. हे टपरीवर वर्षभर रिकामा ग्लास धरून उभा राहणारा माणूस म्हणतोय!

मी पुरती अडकले. खरं सांगितलं तर त्यांच्यावरचा डाग जाणार, ते कोच होणार, आणि दुसऱ्या दिवशी शेडवरून काम जाणार. कारण ऐकणारे अध्यक्ष म्हणजेच त्यांचे शेठ. गप्प बसले तर रोजी राहणार, पण पोरींना मुद्दाम हरवणारा माणूस म्हणून मरेपर्यंत ओळखले जाणार. चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. आईनं विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

मीटिंग शुक्रवारी, दुपारच्या नमाजनंतर ठेवली. शुक्रवार म्हणजे आमच्याकडे लूमची सुट्टी. शाळेच्या वर्गात कमिटीचे चार जण लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसले होते. सरांनाही बोलावलं होतं, ते समोरच्या भिंतीशी बसले. शेठनी मला विचारलं, "बोल. घ्यायचं की नाही?"

मी म्हटलं, "घ्यायचं. त्यांची काही चूक नव्हती. सरांनी मला टाइम-आउटमध्ये सांगितलं होतं की आपण एकानं मागे आहोत, बास्केट मारा. मीच ऐकलं नाही. फळ्यावर आपण पुढे दिसत होतो, म्हणून मी माझ्याच शहाणपणानं बॉल धरून ठेवायला लावला. मग घाबरले आणि सगळं त्यांच्यावर ढकललं."

खोटं बोलायला मला नेहमी जड जातं, पण त्या दिवशी घडाघडा बोलले. शेठ म्हणाले, "एका भल्या माणसाला वर्षभर बदनाम केलंस. तुला टीममध्ये ठेवायचं कशाला? आजपासून तू बाहेर. पुन्हा मैदानावर दिसू नकोस."

"चालेल," मी म्हटलं. बास्केटबॉल सोडून माझ्याकडे तेव्हा दुसरं काय होतं? पण सुटले एकदाची, असंही वाटलं.

मी एक गोष्ट विसरले होते. सर माझ्या अगदी समोर बसले होते आणि खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर होता. शब्द न् शब्द त्यांनी वाचला होता. शेठचाही.

ते उठून उभे राहिले. "पोरगी खोटा बोलतेय," ते म्हणाले. "मी तिला काय सांगितलं न्हाय. मला ऐकूच येत न्हाय, शेठ. तो मानूस काय बोलला ते मला समजलं न्हाय. चार वर्सं मी बहिरा हाय."

शेठनी मान खाली घातली. मग त्यांनी सरांकडे तोंड करून, सावकाश विचारलं, "आणि लूम, मिस्त्री?"

"हात लावून," सर म्हणाले.

शेठ म्हणाले, "शेडचं उद्या बघू." मग कमिटीकडे वळून विचारलं, "कोच म्हणून कुणाची हरकत?" कुणीच हात वर केला नाही. माझं नावही टीममध्ये तसंच राहिलं. मिस्त्री सर परत आमचे कोच झाले, आणि मला आनंद म्हणून झाला नाही.

शेठनी त्यांना काढलं नाही, पण मिस्त्रीचं काम काढून घेतलं. ताक्यांच्या घड्या घालायला बसवलं. नावाजलेला मिस्त्री म्हाताऱ्या कामगारांबरोबर घड्या घालत बसला. मी तरातरा शेठच्या गाळ्यावर भांडायला गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "लूममधून लोखंडी टोकाचं शटल उडतं तेव्हा आधी आवाज बदलतो. तो ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या भरवशावर मी कामगार उभे करू? कुणाचा डोळा गेला तर तू येशील का त्याच्या घरी?" शेठ वाईट असते तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

पुढच्या शुक्रवारी मी निजामपुऱ्यात सरांच्या घरी गेले. लूम बंद असल्यामुळे सगळी गल्ली गप्प होती. सर बाहेर ओट्यावर बसून बॉलचं शिवण तपासत होते. मला बघून हसले आणि आत जा अशी खूण केली. आत चाची होती, सरांची बायको. ती मैदानावर एक-दोनदा आली होती, तेव्हा इतकी हळू बोलायची की आम्ही तिची नक्कल करायचो. मला वाटलं, ही आता मला चांगली झाडणार. झाडून घ्यायच्या तयारीनंच मी गेले होते.

"चाची, माझ्यामुळे सरांचं काम गेलं," मी म्हटलं.

"होय, तुझ्यामुळंच गेलं," ती म्हणाली. "बस."

मी बसले. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिच्या त्याच बारीक आवाजात म्हणाली, "चार वर्सं मी ह्या घरात मोठ्यानं बोलले न्हाय. लूम चालू असताना त्याला ऐकू जायचा न्हाय, आनि लूम बंद असले की सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. बाजूवाली लगेच इचारनार, का गो ओरडतेस, मिस्त्रीला ऐकू येत न्हाय काय? मंग बोलायचंच न्हाय. लय गरज असली तर तोंडासमोर बत्ती धरून बोलायचा. बाकी सगळा तसाच ऱ्हायला."

डोळे पुसून ती चहा ठेवायला आत गेली. मी माफी मागायला आले होते, पण आता कशाची मागायची तेच समजेना.

आणि मग स्वयंपाकघरातून तिची हाक आली. एवढ्याशा बाईच्या गळ्यातून एवढा आवाज निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. "साखर किती टाकू?"

समोरच्या खिडकीतून एक बाई डोकावली. ओट्यावर सरांच्या हातातला बॉल सुटला आणि पायरीवरून उड्या मारत गेला. ते वळून दाराकडे बघत राहिले.

"अवो, साखर किती टाकू?"

"दोन!" सर ओरडले.

"आलं टाकू?"

"टाक!"

"जास्त टाकू की कमी टाकू?"

पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांचा चहा कसा लागतो ते तिला ठाऊक नव्हतं, असं थोडंच आहे! ती एकेक विचारत राहिली, ते ओट्यावरून ओरडून सांगत राहिले, अख्खी गल्ली ऐकत होती, आणि मी मधल्या खोलीत तोंडाला ओढणी लावून रडत बसले होते.